बैरागडचा दवाखाना आणि शेत

परतवाड्याचा बाजार मागे पडला की थोड्याच वेळात आपला ओळखीचा वऱ्हाड संपतो. कपाशीची काळी सपाट वावरे जातात, रस्ता वळणे घेत चढू लागतो आणि दोन्ही बाजूंनी साग जवळ येतो. सेमाडोहला सिपना नदी भेटते, पुढे हरिसाल, त्याच्या पुढे धारणी. एस.टी.तली बोलीही बदलते. कोरकू भाषा मराठीच्या नात्यातली नव्हे. तिची भावंडे पूर्वेकडची मुंडारी आणि संथाळी. जिल्हा अमरावतीच, पण आपल्यासारख्या सपाटीवरच्या माणसाला परमुलखात आल्यासारखे वाटते. कृषी खात्याच्या नोकरीत मी या मेळघाटात बरीच वर्षे फिरलो. आज वाचकांना न्यायचे आहे ते धारणी तालुक्यातल्या बैरागडला.

वऱ्हाडात 'मिशन' म्हटले की जुन्या माणसांना गोरे पाद्री आठवतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मार्कस आणि जेनी फुलर हे अमेरिकन जोडपे अकोल्यात राहत होते. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या हालांवर जेनीबाईंनी लिहिलेले पुस्तक १९०० साली निघाले आणि त्याच साली इकडेच त्यांचा अंत झाला. त्यांचा धर्म वेगळा होता. पण समुद्र ओलांडून यायचे, परक्यांची भाषा शिकायची आणि तिथेच हाडे ठेवायची, ही गोष्ट लहान नव्हे. बैरागडच्या जोडप्याने समुद्र ओलांडला नाही. ते आले शेगावहून आणि नागपूरहून, म्हणजे आपल्यातूनच. त्यांनी धर्मप्रचारही केला नाही. गांधीजी आणि विनोबांच्या विचारांतली सेवा तेवढी बरोबर आणली.

डॉ. रवींद्र कोल्हे मूळचे शेगावचे, वडील रेल्वेत नोकरीला. नागपूरला १९८५ साली ते एम.बी.बी.एस. झाले आणि मेळघाटात आले. त्या वेळी बैरागडला जायचे तर चाळीस किलोमीटर पायपीट होती. फी ठरवली पहिल्या तपासणीला दोन रुपये, पुन्हा आल्यास एक रुपया. पुढे स्फोटात जखमी झालेला एक माणूस कित्येक दिवसांनी त्यांच्याकडे पोचला, तेव्हा आपले शिक्षण अपुरे आहे हे त्यांना कळले. ते पुन्हा शिकायला गेले आणि एम.डी. होऊन परत आले.

मग लग्नाचा विचार झाला. मुलीसाठी त्यांच्या अटी ऐकून कोणत्याही बापाने हात जोडले असते. चाळीस किलोमीटर चालता आले पाहिजे. लग्न पाच रुपयांत होईल. महिन्याचा संसार चारशे रुपयांत करावा लागेल. आणि वेळ आली तर दुसऱ्यांसाठी भीक मागण्याची तयारी हवी. या अटी मान्य केल्या नागपूरच्या डॉ. स्मिता यांनी. त्यांचा नागपुरात चांगला चालणारा दवाखाना होता. तो सोडून त्या डोंगरात आल्या.

गावाने त्यांना लगेच आपले म्हटले नाही. बाई बायकांच्या हक्काचे बोलते, हे काहींना रुचत नव्हते. पुढे स्मिताताईंचे बाळंतपण बैरागडातच झाले आणि बाळ फार आजारी पडले. न्यूमोनिया, मेंदूज्वर, रक्तात विष भिनलेले. गावकरीच म्हणू लागले की मुलाला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. स्मिताताईंनी ठरवले की गावातल्या इतर मुलांवर जो उपचार होतो तोच माझ्या मुलावर होईल, इथेच होईल. मूल वाचले. त्या दिवसापासून गावाने त्यांना वेगळ्या नजरेने पाहिले.

डॉक्टरांना रोग्यांपाठोपाठ रोगाची मुळेही दिसू लागली. मुले न्यूमोनियाने दगावत, कारण थंडीत अंगावर कपडा नसे. कुपोषण होई, कारण पिकाचा हंगाम सरला की घरात काम नसे आणि पैसाही नसे. नुसत्या औषधाच्या बाटलीने हे कसे थांबणार? गावकऱ्यांनीही मागणी केली ती आपल्या मनासारखी: आमची माणसे तपासता, तशी गुरेही तपासा. तेव्हा डॉक्टर एका पशुवैद्य मित्राकडून गुरांचे शास्त्र शिकले. नंतर शेतीचे शास्त्र शिकायला ते आपल्या अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठात आले. मीही तिथलाच बी.एस्सी. ॲग्री, म्हणून याचे मला फार अप्रूप. आम्ही पदवी घेऊन नोकरीकडे गेलो. हा माणूस एम.डी. असून बियाणे आणि बुरशी शिकायला बाकावर बसला.

बुरशीला दाद न देणारे बियाणे त्यांनी तयार केले, पण ते पेरायला कोणी पुढे येईना. मग कोल्हे दांपत्याने स्वतःच शेती केली. त्यांचा मुलगा रोहित पुढे शेतीतच रमला.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मेळघाटातल्याच एका गावी मी संकरित ज्वारीची पिशवी एका कोरकू म्हाताऱ्याला दिली. खत कसे द्यायचे, दोन ओळींत अंतर किती ठेवायचे, सगळे समजावले. महिन्याने गेलो तर वावरात त्याचे घरचेच बी उगवलेले आणि माझी पिशवी आढ्याला टांगलेली. मी रागावलो. म्हातारा शांतपणे म्हणाला, "साहेब, हे तुम्ही पेरून पाहिलं काय? नाही उगवलं तर तुम्ही पगारावर जेवाल. आम्ही काय खायचं?" मला उत्तर सुचले नाही. चार वाजता जीप सुटायची होती, मी निघालो. डायरीत मात्र प्रात्यक्षिक झाले असे लिहून टाकले. ती ओळ अजून मनाला टोचते.

म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर बैरागडला मिळाले, कारण तिथे सांगणाऱ्याने आधी आपल्या वावरात पेरले. नुकसान झाले असते तर ते त्याच्याही ताटात आले असते.

या जोडप्याचा दिवस ऐकायला साधाच आहे. दवाखाना, रेशनचे दुकान, शेत, बायकांची गाऱ्हाणी, तरुणांची शिबिरे. एका मंत्र्याने घर बांधून देऊ म्हटले, तेव्हा स्मिताताईंनी घराऐवजी रस्ता मागितला. २०१९ साली दोघांना मिळून पद्मश्री मिळाली. किताब मिळाला म्हणून ते मोठे झाले नाहीत. पावसाळ्यामागून पावसाळे ते तिथेच राहिले, हे मोठे.

मी लवकरच निवृत्त होईन. अमरावतीत घर आहे, मुले मार्गी लागली आहेत. परवा रात्री जेवताना मी हे सगळे घरी सांगत होतो. सौ. म्हणाली, "अहो, काशी-रामेश्वर होईल सवडीनं. त्या म्हाताऱ्याच्या गावात एकरभर वावर मक्त्यानं मिळेल का, ते आधी बघा. एक पाऊसकाळ तरी राहू. तुम्ही पेरा, मी निंदीन."

म्हातारा आता हयात नाही. त्याचा नातू वावर कसतो, त्याला मी निरोप धाडला आहे. आणि शेतकरी बंधुभगिनींनो, तुमच्या गावी कोणी साहेब नव्या बियाण्याची पिशवी घेऊन आला, तर त्याला चहा जरूर पाजा. पण म्हाताऱ्याचा प्रश्न विचारल्याशिवाय त्याला सोडू नका.