एका खात्यावर एकच फोन

मी सुरतेत उधन्याच्या एका डाइंग मिलमध्ये हिशेब लिहितो. शेती गावी, निझर तालुक्यात. १९६०मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा पश्चिम खानदेशातला हा पट्टा गुजरातेत गेला. घरातलं बोलणं तेच राहिलं, सरकारी कागद गुजराती झाले. वडील गेल्यावर आठ-अच्या उताऱ्यावर आम्हा दोघा भावांची नावं एकाच खात्यात चढली.

२०२१च्या अखेरीस गुजरात सरकारने शेतकऱ्यांना स्मार्टफोनसाठी अनुदान जाहीर केलं. किमतीच्या दहा टक्के, फार तर १,५०० रुपये. तेवढ्यासाठी कोण कागद गोळा करणार, म्हणून दादाने लक्षच दिलं नाही. पुढच्या वर्षी ते चाळीस टक्के, कमाल ६,००० झालं, तेव्हा लगेच विचारलं, "तुझापण अर्ज भरून टाकू का?"

ग्रामपंचायतीतल्या कॉम्प्युटरवाल्याने तिथेच अडवलं. खातं सामायिक असेल तर खातेदारांपैकी एकालाच मिळतं, तेही एकदाच. आमच्या चुली वेगळ्या, रेशनकार्डं वेगळी, पण त्याचा उपयोग शून्य. उलट शेजारचे बापलेक एकाच चुलीवर जेवतात, पण खाती दोन, म्हणून दोघेही पात्र. रेशनवाले घर मोजतात, हे खातं मोजतात. मोजायला खातं सोपं, हे हिशेबनीस म्हणून मला पटतंही. पण अमेरिकेत लाइफलाइन नावाची योजना आहे. तिथेही फोनबिलातली सवलत घरटी एकालाच. मात्र एका पत्त्यावर राहूनही कमाई-खर्च वेगळा आहे असं लिहून दिलं, तर दुसरं घर धरतात. आमच्या अर्जात तसं लिहायला जागाच नव्हती.

अर्ज दादाच्या नावाने केला. हवामान नि बाजारभाव त्यालाच बघायचे, तेव्हा वाद नव्हता. मी संमती लिहून दिली. मंजुरीनंतरच खरेदी करायची, बिल जीएसटीचं हवं, त्यावर आयएमईआय नंबर हवा; इअरफोनचे पैसे आपले आपण द्यायचे. १२,०००च्या फोनमागे ४,८०० रुपये जमा झाले, तोवर कापूस विकूनही झाला होता.

वहिनी म्हणाल्या, "खातंच फोडा ना, म्हणजे भाऊजींनाही मिळेल." फोडायचं म्हणजे मोजणी, फेरफार, मामलतदार कचेरी, आणि प्रत्येक खेपेला माझा पगार कापला जाणार. दादाने ६,०००मधून भाडंतोडं वजा करून दाखवलं. वहिनींनी मग विहिरीच्या मोटारीचा विषय काढला.