थांबू शकणारा पदार्थ

व्हर्जिनिया वुल्फच्या 'टू द लाइटहाउस' (१९२७) या कादंबरीतले जेवणाचे प्रकरण वाचताना आपले लक्ष साहजिकच मिसेस रॅम्झेकडे जाते. स्काय बेटावरच्या त्या घरात पाहुणे जमले आहेत, काही जण अजून समुद्रकाठावरून परतायचे आहेत, आणि 'बफ आं दोब' हा गोमांसाचा पदार्थ नेमक्या वेळी वाढला जाईल की नाही याची तिला चिंता लागली आहे. तो तयार होईल त्याच क्षणी पानात पडायला हवा, खोळंबून चालणार नाही, असे तिला वाटते. स्वयंपाकघराशी परिचय असलेल्या वाचकांनी इथे पूर्वीपासूनच शंका काढली आहे आणि ती रास्त आहे. दोब हा दक्षिण फ्रान्समधला, वाइनमध्ये मांस मुरवून झाकल्या भांड्यात तासन्‌तास शिजवण्याचा प्रकार. त्याला घाई नसतेच. दुसऱ्या दिवशी ऊन करून वाढला तर तो अधिकच चांगला लागतो.

तेव्हा खोळंब्याची भीती पदार्थाची नव्हे, यजमानीण बाईची आहे. आम्हाला मात्र त्या प्रकरणात दुसरीच गोष्ट खुपत राहते. तीन दिवस खपून तो पदार्थ मिल्ड्रेडने केला आहे. झाकण उघडते, वास दरवळतो, पाहुणे वाखाणणी करतात आणि मिसेस रॅम्झे सांगते की ही आपल्या आजीची फ्रेंच कृती. मिल्ड्रेड त्या मेजावर नाही. ती तिथे असणे शक्यही नव्हते.

आमच्या दोघांच्याही आया पंगत उठल्यावर जेवल्या. घरात स्वयंपाकीण नव्हती, म्हणजे मिल्ड्रेड आणि मिसेस रॅम्झे एकाच देहात नांदत होत्या, एवढाच फरक. मराठी घरात आतिथ्याची परीक्षा तव्यावरून थेट पानात पडणाऱ्या पोळीवर होते, आणि ती पोळी वाढणारी व्यक्ती त्याच वेळी पानावर बसू शकत नाही. हा साधा हिशेब आहे. पण 'गरम गरम वाढते, तुम्ही बसून घ्या' या वाक्याच्या मायेत तो दिसेनासा होतो.

स्कॉटलंडमध्ये राहायला आल्यावर आम्ही स्लो कुकर घेतला तो थंडीच्या भयाने. शिट्ट्या मोजण्यात वाढलेल्या माणसांना हे यंत्र प्रथम मंदबुद्धीच वाटते. खाटकाकडून गुडघ्याखालचे, नळीच्या हाडाभोवतीचे मांस आणायचे. सहा जणांना सव्वा किलो पुरते. हा भाग स्वस्त, कारण तो चिवट. आदल्या रात्री मिरे, लवंग, लसूण लावून ठेवायचा. सकाळी तुकडे कढईत चांगले लालसर परतायचे, कारण कुकरच्या सौम्य उष्णतेत तो रंग आणि ती चव येत नाही. कांदा वीस मिनिटे परतायचा, त्यात कुणी बघत नसताना चमचाभर गोडा मसाला घालायचा. बटाटे तळाशी, कारण या भांड्यात ते मांसापेक्षा उशिरा शिजतात. पाणी थोडेच, वाफ बाहेर जात नाही. मग मंद आचेवर आठ तास. चिवट स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या पांढऱ्या पडद्यांचे हळूहळू जिलेटिन होते आणि रस्सा ओठांना चिकटू लागतो. मोठ्या आचेवर हे घाईने साधत नाही. आधी मांस आक्रसते, कोरडे होते. मधे झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा लागतो, कारण गेलेली उष्णता परत यायला बराच वेळ लागतो.

या यंत्राची जन्मकथाही अशाच एका भांड्याशी जुळलेली आहे. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० साली त्याचे पेटंट मिळाले. प्रेरणा होती आईने सांगितलेली लिथुएनियातली आठवण: शुक्रवारी दुपारी मांस, घेवडा, कंदमुळे भरलेले भांडे गावच्या भट्टीत ठेवायचे, निवत जाणाऱ्या भट्टीच्या उबेत ते रात्रभर शिजायचे. त्या पदार्थाचे नाव चोलेंत. शब्बाथच्या दिवशी ज्यू धर्मनियमाने विस्तव पेटवता येत नाही, स्वयंपाक करता येत नाही. म्हणून माया आदल्या दिवशीच करून ठेवायची. निदान चुलीपुरते तरी त्या घरातल्या बाईला शनिवारी उठायचे कारण उरत नसे. पुढे हे यंत्र दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि १९७१ पासून 'क्रॉक-पॉट' या नावाने अमेरिकेत घरोघरी पोहोचले.

इथवर लिहिताना 'गोमांस' हा शब्द आम्ही सहज वापरला. मराठीत तो सहज नाही. २०१५ साली महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्याच वर्षी शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांचा स्वयंपाक, उन्हात वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या, हे सारे त्यात नोंदले आहे. आम्ही हे मांस खायला शिकलो ते परदेशात, काचेमागच्या थंडगार फळीवरून. त्यासाठी कुणाचे टोमणे ऐकले नाहीत की वेगळ्या विहिरीवर गेलो नाही. दोन्ही भांडी एकाच पंगतीत मांडणे सोपे नाही, आणि आम्ही तसा दावा करत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्यापैकी एकीची आई महिनाभर राहायला होती. ती मांस खात नाही. तिच्यासाठी धाकट्या कुकरमध्ये अख्खे मसूर आणि गाजर लावले होते. शेजारचे दोन मित्र बर्फामुळे तासभर उशिरा आले. काही बिघडले नाही. दोन्ही भांडी मेजावर आणून ठेवली, पाव कापला, आणि सगळे एकदम बसलो. करायचे काहीच शिल्लक नव्हते. आईने दोन घास घेतले आणि ती उठली. 'बघते जरा,' म्हणाली. स्वयंपाकघरात बघण्यासारखे काही नव्हते. ती मिठाची वाटी घेऊन परत आली. मेजावर एक आधीच होती.