चौकशी पुरी होऊ द्या

टाइम्स स्क्वेअरमध्ये त्या संध्याकाळी जमलेल्या बहुतेकांनी रॉबर्ट म्युलर यांना निवडणुकीत मत दिलं नसतं. म्युलर रिपब्लिकन, व्हिएतनाममध्ये लढलेले मरीन आणि २००१पासून १२ वर्षं एफबीआयचे संचालक. एफबीआयचं नाव काढलं की डाव्या वळणाच्या न्यूयॉर्ककराच्या कपाळाला आठी पडते. तरीही ८ नोव्हेंबर २०१८च्या गुरुवारी याच मंडळींच्या हातात ‘म्युलरना हात लावू नका’ असे पुठ्ठे होते आणि घोषणा एकच होती, कायद्याच्या वर कोणी नाही. घड्याळं चारच दिवसांपूर्वी एक तास मागे गेलेली, त्यामुळे पाचलाच अंधार. वर जाहिरातींचा लखलखाट. खाली पर्यटकांसोबत फोटो काढून पैसे मागणारे एल्मोच्या वेशातले लोक, एकाएकी गिऱ्हाईक हरवल्यासारखे बाजूला उभे.

आदल्या दिवशी, म्हणजे मध्यावधी निवडणुकांच्या दुसऱ्याच दिवशी, अध्यक्ष ट्रम्प यांनी अ‍ॅटर्नी जनरल जेफ सेशन्स यांचा राजीनामा घेतला होता. पत्राची सुरुवातच ‘आपल्या विनंतीवरून’ अशी होती आणि त्यावर तारीखसुद्धा नव्हती. भांडण जुनं होतं. २०१६च्या निवडणुकीतल्या रशियन हस्तक्षेपाच्या चौकशीतून सेशन्स मार्च २०१७मध्ये बाजूला झाले, कारण ते स्वतः ट्रम्प यांच्या प्रचारात होते. मे महिन्यात ट्रम्प यांनी एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांना काढलं. मग आठ दिवसांत उपअ‍ॅटर्नी जनरल रॉड रोझेनस्टाइन यांनी म्युलर यांना विशेष वकील नेमलं आणि देखरेख स्वतःकडे ठेवली. आता सेशन्स गेल्यावर हंगामी कारभार रोझेनस्टाइन यांच्याकडे येईल अशी अपेक्षा होती. आले ते सेशन्स यांच्या कार्यालयाचे प्रमुख मॅथ्यू व्हिटाकर. आणि चौकशीचा लगामही त्यांच्याच हाती गेला.

व्हिटाकर यांनी वर्षभरापूर्वीच आपलं मत जाहीर करून ठेवलं होतं. म्युलर यांना काढायचीही गरज नाही, नवा अ‍ॅटर्नी जनरल त्यांचं बजेट इतकं कमी करू शकेल की चौकशी जवळजवळ ठप्प होईल, असं ते सीएनएनवर बोलले होते. चौकशी ट्रम्प कुटुंबाच्या आर्थिक व्यवहारांत शिरली तर ती लक्ष्मणरेषा ओलांडेल, अशा अर्थाचा लेखही त्यांनी लिहिला होता. म्हणून लोक रस्त्यावर आले. म्युलर यांना कोणी काढलं नव्हतं. काढता येईल अशी जागा मात्र तयार झाली होती.

एका रात्रीत देशभर नऊशेहून अधिक ठिकाणी निदर्शनं ठरतात कशी, याचं मला आधी नवल वाटलं. ती एका रात्रीतली नव्हतीच. मूव्हऑनसारख्या संघटनांनी कित्येक महिने आधी गावोगावच्या चौकांची यादी करून ठेवली होती. चौकशीवर घाला पडला की निरोप जाईल, संध्याकाळी पाचला आपापल्या चौकात यायचं. आगीच्या बंबासारखी ही तयारी होती. निरोप आला तो बुधवारी. आमच्या एडिसनमध्ये तेव्हा लक्ष्मीपूजनाची लगबग चाललेली.

दुसऱ्या दिवशी पाडवा. आमच्या मराठी मैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी जाते असं टाकलं आणि फराळाच्या फोटोंमध्ये एकदम शांतता पसरली. मग एकेक उत्तर येऊ लागलं. ‘अगं, ग्रीन कार्डची फाइल चालू आहे ना तुमची?’ ‘आपल्याला मत तरी आहे का इथे?’ ‘लांबून बघ हो, फोटोत येऊ नकोस.’ हसण्यावारी नेण्यासारखं यात काही नाही. इथल्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती नागरिक नसलेल्यांनाही बोलू देते, पण वीस-वीस वर्षं रांगेत उभ्या असलेल्या माणसाला घटनेपेक्षा व्हिसाचा शिक्का जवळचा असतो. नवरा म्हणाला, ‘ओवाळणी रात्री करू, तू गाडी पकड.’ पेन स्टेशनला उतरून मी चालत निघाले आणि गर्दीच्या कडेला, पोलिसांच्या लोखंडी कठड्याला टेकून उभी राहिले.

मोर्चे मी पुण्यात पाहिलेत. तिथे मागणी असते. पगारवाढ द्या, पाणी द्या, अमक्याला अटक करा. या जमावाची मागणी ऐकून मी जरा बुचकळ्यात पडले, कारण यांना नवं काहीच नको होतं. चाललंय ते चालू द्या, एवढंच. कोणाला तुरुंगात टाका अशी हाक मुख्य व्यासपीठावरून नव्हती. शेजारच्या मुलाने पुठ्ठ्यावर चक्क नियमाचा क्रमांक लिहिला होता. विशेष वकिलाला गैरवर्तनासारख्या सबळ कारणाशिवाय काढता येत नाही आणि काढायचं तर ते अ‍ॅटर्नी जनरलनेच, असं सांगणारा तो नियम. कलम घेऊन नाचणारी पोरं मी आधी पाहिली नव्हती.

माझ्या दुसऱ्या बाजूला एक निवृत्त शाळामास्तरीण होत्या, सत्तरी ओलांडलेल्या, घडीची खुर्ची घेऊन आलेल्या. १९७३च्या ऑक्टोबरात त्या तरुण होत्या. वॉटरगेटची चौकशी करणाऱ्या आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढा, असा हुकूम निक्सन यांनी त्या शनिवारी रात्री सोडला. अ‍ॅटर्नी जनरल इलियट रिचर्डसन यांनी नकार देऊन राजीनामा दिला. त्यांच्याखालच्या विल्यम रकल्सहाउस यांनीही नकारच दिला आणि पद सोडलं. शेवटी तिसऱ्या क्रमांकाच्या रॉबर्ट बोर्क यांनी कॉक्स यांना काढलं. बाईंनी त्या आठवड्यात वॉशिंग्टनला तार केली होती. तशा दीड लाखांवर तारा काही दिवसांत तिथे येऊन थडकल्या. लोकांचा रेटा असा होता की निक्सन यांना नवा वकील नेमावा लागला, आणि दहा महिन्यांत ते स्वतःच पायउतार झाले.

बाईंची आणखी एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटली. मी सहज विचारलं, क्लिंटन यांची चौकशी करणारे केनेथ स्टार आठवतात का? त्या खुर्चीतच वळल्या. ‘त्यांना मी तोंडाला येईल ते बोलले होते.’ १९९८मध्ये याच शहरात, याच विचारांच्या लोकांना स्टार यांची चौकशी कधी थांबते असं झालं होतं. स्टार ज्या कायद्याखाली काम करत होते, त्यात चौकशी करणाऱ्याची नेमणूक न्यायाधीशांचं मंडळ करी. त्या कायद्याला दोन्ही पक्ष इतके कंटाळले की १९९९मध्ये त्याची मुदत संपली आणि कोणी ती वाढवली नाही. त्याजागी न्याय खात्याचा साधा नियम आला आणि विशेष वकील अ‍ॅटर्नी जनरलच्या हाताखाली गेला. व्हिटाकर यांची नेमणूक धोक्याची वाटत होती ती नेमकी या व्यवस्थेमुळे. पुठ्ठ्यावरचा तो क्रमांक या कंटाळ्यातूनच जन्मला होता. पोराला हे ठाऊक असावं असं वाटलं नाही.

उभ्या उभ्या मनात दिल्ली येत होती. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी, २३ ऑक्टोबरच्या मध्यरात्री, सीबीआयचे संचालक आलोक वर्मा यांना सक्तीच्या रजेवर धाडलं होतं आणि त्यांच्या अधिकाऱ्यांच्या बदल्या निघाल्या होत्या. एकाला पोर्ट ब्लेअर, एकाला आपलं नागपूर. काँग्रेसने देशभर सीबीआयच्या कार्यालयांसमोर आंदोलन केलं, पण ते पक्षाचंच राहिलं. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयला पिंजऱ्यातला पोपट म्हटलं, तेव्हा सत्तेत काँग्रेसच होती. इथलाही जमाव निःपक्ष होता असं मी म्हणणार नाही. चौकशी आपल्या नेत्याची असती तर यातले किती आले असते? बाई तरी आल्या असत्या का?

मोर्चा युनियन स्क्वेअरकडे निघाला. बाईंची खुर्ची मी उचलली, आणि फोटोत यायचं की नाही हा प्रश्न तिथेच मिटला. टॅक्सीवाले हॉर्न वाजवत होते. पाठिंब्याने की वैतागाने, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

व्हिटाकर यांनी चौकशी थांबवली नाही. निदर्शनांमुळे थांबवली नाही की तसा विचारच नव्हता, यावर बाई आणि मी अजून भांडतो. जानेवारीत वर्मा यांना सर्वोच्च न्यायालयाने परत आणलं आणि दोन दिवसांत निवड समितीने पुन्हा हटवलं. इकडे फेब्रुवारीत विल्यम बार अ‍ॅटर्नी जनरल झाले, २२ मार्च २०१९ला म्युलर यांचा अहवाल त्यांच्या हाती पडला. एकूण ३४ माणसं आणि तीन रशियन कंपन्यांवर आरोप ठेवले गेले होते. प्रचारयंत्रणेने रशियाशी संगनमत केल्याचं सिद्ध झालं नाही. न्यायाच्या आड येण्याबद्दल मात्र अहवालाने ना गुन्हा ठरवला, ना निर्दोष म्हटलं. बार यांनी आधी चार पानांचं पत्र काढून आपला निष्कर्ष सांगून टाकला, आणि मूळ ४४८ पानं लोकांना १८ एप्रिलला मिळाली, जागोजागी काळ्या पट्ट्या मारलेली.

बाईंनी ती सगळी छापून घेतली. मेमध्ये फोन केला तेव्हा दुसऱ्या खंडात होत्या. ‘वाचन वेगात आहे,’ म्हणाल्या, ‘काळी पानं पटापट उलटतात.’