वाळूखालचं तळं

2006 च्या सुमारास पाठीवर पिशवी टाकून कंबोडियात, नॉम पेनला उतरणाऱ्या माणसाला टुकटुकवाले दुसरं काही विचारतच नसत. ‘लेकसाइड?’ एवढा एक शब्द, आणि सामान गाडीत. शहराच्या उत्तरेला बुंग काक नावाचं सुमारे नव्वद हेक्टरचं तळं होतं. त्याच्या पूर्वेकडच्या काठाला, 93 नंबरच्या अरुंद रस्त्यावर, पाण्यात खांब रोवून बांधलेली लाकडी गेस्ट हाउसं एकमेकांना खेटून उभी होती. रस्त्यावरून नुसती दारं दिसायची. आत शिरलं की लांबट बोळ, दोन्ही हातांना प्लायवूडच्या खोल्या, आणि बोळ संपला की एकदम उजेड. पाण्यावर पसरलेला फळ्यांचा ओटा, दोऱ्यांवर टांगलेल्या झोळ्या, आणि समोर मावळतीपर्यंत पाणीच पाणी.

खोली तीन-चार डॉलरला मिळे. मच्छरदाणी, एक पंखा, दाराला कडी. कुलूप ज्याचं त्यानं आणायचं. शेजारचा माणूस कुशीवर वळला तरी कळे. पायाखालच्या फळ्यांच्या फटींतून पाणी दिसे, आणि पहाटे जवळच्या मशिदीतली बांग त्या पाण्यावरून यायची. तळं स्वच्छ होतं असं मी म्हणणार नाही. शहराची गटारं त्यात येत होती आणि उन्हाळ्यात वासही सुटे. पण पावसाळ्यात उत्तर भागाचं पाणी तेच पोटात घ्यायचं, आणि त्याच पाण्यावर माणसं पोकळ देठांची पालेभाजी लावून, लहान होड्यांतून ती कापून बाजारात नेत. संध्याकाळी आम्ही ज्याला देखावा म्हणून बघत बसायचो, तिथे कुणाची तरी शेती चाललेली असायची.

संध्याकाळ ही त्या जागेची खरी वेळ. इस्रायलहून लष्करी सेवा संपवून आलेली मुलं, आयरिश परिचारिका, एक जपानी चित्रकार, दर थोड्या वेळानं कुणीतरी नवं. हिशेब डॉलरमध्ये आणि मोड रिएलमध्ये, एका डॉलरला चार हजार. भिंतीशी पुस्तकांचा रॅक होता: एक ठेवा, एक घ्या. मराठी पुस्तक ठेवणारी मी एकटीच असणार. ते कुणी उचललं असेल, याचा विचार अजून मनात येतो. बिअरच्या बाटल्या उघडल्या जात, टुकटुकवाले कोपऱ्यात पत्ते कुटत बसत, आणि अंधार पडला की कोपऱ्यातल्या टीव्हीवर ‘द किलिंग फील्ड्स’ लागे. 1984 चा तो सिनेमा त्या गल्लीत रोज रात्री कुठल्या ना कुठल्या ओट्यावर चालू असे. दिवसा पाहुणे ख्मेर रूज राजवटीतला तुओल स्लेंगचा तुरुंग आणि चुंग एकची वधभूमी बघून आलेले असायचे. सिनेमा संपल्यावर बराच वेळ कुणी बोलत नसे. मग कुणीतरी गिटार ओढून घेई, हळूहळू आवाज वाढत जात, आणि मध्यरात्र उलटली तरी ओटा हलत असे. त्या हसण्यात मला कधी उथळपणा वाटला नाही. दिवसभर जे पाहिलं त्यानंतर माणसांना माणसं हवी असत.

सिनेमा चालू असताना मालकीणबाई मात्र स्वयंपाकघरातून बाहेर येत नसत. त्यांना सगळे ‘मिंग’ म्हणत, म्हणजे मावशी; मीही तेच म्हणू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी दोन्ही हात जोडले, मीही जोडले, आणि तेवढ्यावर आमचं जमलं. मी मूळची मालवणकडची. त्यांच्या चुलीजवळच्या बरणीतला प्रहॉक, म्हणजे मिठात मुरवलेले मासे, इतर पाहुण्यांना नको वाटायचा. मला तो वास आजीच्या घरातल्या सुकटीच्या डब्यासारखा ओळखीचा वाटला. मी जवळ जाऊन वास घेतला तेव्हा त्या मोठ्यानं हसल्या आणि मला पाट दिला. त्यानंतर संध्याकाळचा पहिला तास मी ओट्यावर न घालवता त्यांच्यासोबत भाजी निवडत घालवू लागले. तळ्यातलीच भाजी. देठ बोटभर लांबीला मोडायचा, जून असेल तर टाकायचा, पानं वेगळी. त्यांचं इंग्रजी पाहुण्यांकडून शिकलेलं, तुटक, पण त्यात काही अडत नसे.

एकदा भाजी निवडतानाच त्यांनी आपली गोष्ट सांगितली. 17 एप्रिल 1975 ला ख्मेर रूज बंडखोर शहरात शिरले आणि काही दिवसांत त्यांनी सारं नॉम पेन रिकामं करून माणसं गावाकडच्या छावण्यांत नेली. मिंग तेव्हा अकरा वर्षांच्या. रस्त्यावरून चालताना आईचा पदर सोडायचा नाही, एवढंच त्यांना सांगितलेलं. वडील आणि दोन भाऊ त्या छावण्यांतून परत आले नाहीत. 1979 च्या जानेवारीत ती राजवट पडली, त्यानंतर आई आणि त्या शहरात परतल्या तेव्हा जुन्या घरात दुसरेच लोक होते. तक्रार कुणाकडे करणार? खाजगी मालकीच रद्द झालेली, पैसा रद्द झालेला, जमिनीचे कागद नाहीसे झालेले. ज्याला जे छप्पर सापडलं ते त्याचं. या दोघींना तळ्याचा काठ सापडला. आधी झोपडं, मग चार खांब, मग खोल्या, मग आम्ही. हे सांगताना त्यांचे हात थांबले नव्हते. एका बिस्किटांच्या डब्यात त्यांनी विजेची बिलं आणि कुटुंबाची नोंदवही जपून ठेवली होती. 2001 च्या जमीन कायद्यानं, निर्वेध ताबा पाच वर्षं जुना असेल तर मालकीचा दाखला मागता येत होता, आणि त्यांचा ताबा तर वीस वर्षांहून जुना. डबा उघडून त्यांनी मला एकेक कागद दाखवला, घड्या पुन्हा जशाच्या तशा घालत.

तो दाखला काठावरच्या लोकांना मिळाला नाही. जागतिक बँकेच्या मदतीनं देशभर जमिनीची नोंदणी चालली होती. बुंग काकला ती पोचली तेव्हा या लोकांचे दावे बाजूला पडले. 2007 च्या फेब्रुवारीत सरकारनं तळं आणि भोवतालची जमीन, एकूण 133 हेक्टर, एका खाजगी कंपनीला 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिली. तळं ही सार्वजनिक मालमत्ता, ती अशी देता येत नाही. म्हणून 2008 च्या ऑगस्टमध्ये तिचा वर्गच बदलण्यात आला. त्याच महिन्यात तळं बुजवायला वाळू यायला लागली.

2009 मध्ये मी पुन्हा गेले तेव्हा ‘लेकसाइड?’ असं कुणी विचारलं नाही. पत्ता मीच सांगितला. वाळू कशी भरतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. नदीच्या तळातून ती उपसायची, पाण्यात कालवायची आणि जाड नळातून शहराखालून पार तळ्यापर्यंत ढकलायची. नळाच्या तोंडातून करडा चिखल दिवसरात्र ओतत राहतो. पाणी वरून निथळून जातं, वाळू खाली बसते, आणि पाण्याला जायला जागा उरली नाही की ते घरांत शिरतं. गल्लीच्या खालच्या अंगाला लोक घोटाभर काळ्या पाण्यात उभे राहून स्वयंपाक करत होते. भाजीचे वाफे कधीच गेले होते.

मिंगच्या ओट्यावर झोळ्या होत्या तशाच टांगलेल्या, पण समोर वाळूचं पठार. त्याच्यावर कुत्री फिरत होती. पाहुणे दोघे की तिघे, तेही एका रात्रीपुरते. काठावरच्या कुटुंबांसमोर ठेवलेले पर्याय असे: साडेआठ हजार डॉलर रोख, किंवा शहराबाहेर वीसेक किलोमीटरवर एक सदनिका, किंवा इथेच पुढे कधीतरी घर. वीस किलोमीटरवर गेस्ट हाउस कुणासाठी चालवायचं? मिंगनी पैसे घेतले. काम्पोंग चामला बहिणीकडे जायचं ठरलं होतं.

त्या आठवड्यात त्यांचा भाचा ओट्याच्या फळ्या उचकटत होता, कारण लाकडाचे वेगळे पैसे येणार होते. मिंग उकिडव्या बसून निघालेले खिळे दगडावर ठेवून हातोडीनं सरळ करत होत्या. वाकडा खिळा उताणा धरायचा, एक ठोका, फिरवायचा, आणखी एक, डोळ्यासमोर धरून बघायचा. गंजलेलेही. मी बाजूला बसून करू लागले तर त्यांनी माझ्याकडे फक्त बारीक खिळे दिले. मोठ्यांवर बोट चेचतं म्हणाल्या. तळ्याविषयी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. निघताना मी बिस्किटांच्या डब्याचं विचारलं. कागद घेतलेत, त्या म्हणाल्या, कुणी विचारलं तर दाखवायला लागतील.

काठावरच्या सगळ्यांनी पैसे घेतले नाहीत. जे राहिले त्यांच्या वतीनं बायका पुढे झाल्या. डोक्यावर पक्ष्यांची घरटी आणि हातात कमळं घेऊन त्या रस्त्यावर बसत. 2011 च्या ऑगस्टमध्ये, या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत नवी कर्जं नाहीत, असं जागतिक बँकेनं जाहीर केलं, आणि मग काही दिवसांतच सरकारनं उरलेल्या कुटुंबांसाठी 12.44 हेक्टर वेगळे काढले. ज्यांची घरं त्या रेषेबाहेर पडली, त्यांच्यासाठी भांडताना 2012 च्या मे महिन्यात तेरा जणी तुरुंगात गेल्या आणि जूनच्या शेवटी सुटल्या. त्या लढ्यातल्या टेप वन्नी यांना 2016 मध्ये पुन्हा अटक झाली. 2018 च्या ऑगस्टमध्ये राजानं माफी दिल्यावर त्या बाहेर आल्या. मी मुंबईत बसून त्या बायकांचा प्रत्येक फोटो मोठा करून बघत असे. मिंग त्यांत नव्हत्या. असत्या तर मला अभिमान वाटला असता. नव्हत्या म्हणून माझ्या मनात त्यांची जागा तसूभरही कमी झाली नाही. एकदा सगळं गमावून शहरात परतलेल्या बाईनं दुसऱ्यांदा किती ओढून धरावं, हे ठरवणारी मी कोण?

नॉम पेनमध्ये आता नवी हॉस्टेलं आहेत. गच्चीवर पोहण्याचा हौद, कार्डानं उघडणारं लॉकर, रात्री उशिरापर्यंत गाणी. मी त्यांतही राहिले आहे आणि तिथल्या पोरांचा मला राग येत नाही; ओट्यावरची आमची पोरं वेगळी नव्हती. मागच्या खेपेला माझ्या वरच्या बंकवर पुण्याची एक मुलगी होती, पहिल्यांदाच एकटी निघालेली. तिला मी हे सारं सांगितलं. सकाळी ती म्हणाली, मावशी, मला ते बघायचंय. आम्ही दोघी 93 नंबरच्या रस्त्यावर गेलो. भिंतींवर चित्रं, थोडी दुकानं, जिथे ओटे होते तिकडे रुंद रस्ते आणि भराव घातलेली जमीन. मशीदही नवी, मोठी झालेली. एका गाडीवर आम्ही नूडल्स खाल्ले. तिनं फोनवर नकाशा उघडला आणि विचारलं, पाणी नेमकं कुठून कुठपर्यंत होतं? मी बोटानं काठ दाखवत गेले आणि ती त्यावरून रेघ ओढत गेली. गाडीवरची बाई वाकून बघत होती. तिनं मुलीच्या हातातला फोन घेतला, माझी रेघ पुसली, आणि तीच रेघ आणखी बरीच बाहेरून काढली.