नावाने हाक

मराठी शिकवता शिकवता माणसाला एक खोड जडते. कोण काय बोलले यापेक्षा कसे बोलले, तिकडे कान जातो. माझी धाकटी बहीण परिचारिका आहे. तिच्या बोलण्यात माणसांची गर्दी असे: पैठणच्या आजी, चोरून पेढे खाणारे मास्तर, औषध पाहताच गळा काढणारा बाळ्या. गेल्या वर्षी ही मंडळी हळूहळू नाहीशी झाली. उरले ते ‘सात नंबर’ आणि ‘अकरा नंबर’. विचारले, तर म्हणे, “दमलेय रे दादा.”

पण दमणे निराळे आणि विझणे निराळे. दमलेला माणूस झोपून उठला की ताजा होतो. विझलेला झोपूनही तसाच उठतो. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांत ही अवस्था हेरली आणि १९७४ साली तिच्यावर लिहिले. इंग्रजीत तिला ‘बर्नआउट’ म्हणतात. पुढे क्रिस्तिना मास्लाक यांनी तिच्या तीन खुणा मांडल्या: मन रिते होणे, माणसांशी कोरडेपणाने वागणे आणि आपल्या हातून काहीच होत नाही असे वाटणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तिची नोंद केली, ती आजार म्हणून नव्हे, तर कामावरच्या न आवरलेल्या ताणाचे फळ म्हणून. म्हणजे दोष सिस्टरच्या स्वभावात नव्हे, आधी ड्युटीच्या तक्त्यात शोधायचा!

या खुणा मी बहिणीला वाचून दाखवल्या. दुसरीपाशी ती थांबली. “दादा, परवा एक आजोबा गेले, आणि माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले, ‘चला, खाट मोकळी झाली.’”

घरात कोणी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी ती मेट्रनबाईंना भेटली. सलग रात्रपाळ्या तुटल्या. जेवणाची सुट्टी कोणी मोडायची नाही, आणि रुग्ण दगावला तर दहा मिनिटे सर्वांनी मिळून बसायचे, असे ठरले. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक ड्युटीरूमच्या भिंतीवर लागला. आम्ही घरच्यांनी दोनच गोष्टी बंद केल्या: रात्रपाळीनंतर दुपारी दारावरची घंटा, आणि ‘मनाला लावून घेऊ नकोस’ हा उपदेश. सारे एका दिवसात पालटले नाही. पण परवा भाजी खारट झाली म्हणून ती चक्क भांडली. आम्हांला केवढा आनंद झाला!

वाचकहो, दिवाळीतही वॉर्डातली रात्रपाळी चुकत नाही. कोणा आप्तासाठी फराळाचा डबा घेऊन तिकडे गेलात, तर तिथल्या सिस्टरला तिचे नाव जरूर विचारा. तिलाही दिवसभर कोणी नावाने हाक मारलेली नसते.