तंबूची पंच्याहत्तरी

१९५२च्या जानेवारीत कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या स्ट्रॅटफर्ड या गावी टॉम पॅटरसन नावाचा एक तरुण पत्रकार नगरपालिकेपुढे उभा राहिला. आपल्या गावात शेक्सपिअरचा नाट्यमहोत्सव करायचा आहे, त्यासाठी न्यूयॉर्कला जाऊन जाणत्या लोकांचा सल्ला घ्यायचा आहे, प्रवासाला पैसे द्या, असं त्याचं म्हणणं. त्यानं मागितले शंभर डॉलर. पालिकेनं दिले सव्वाशे.

कुठल्याही पालिकेनं मागितल्यापेक्षा जास्त दिल्याचं मी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही. तेही नाटकासाठी, आणि अशा माणसाला की ज्याला नाटकधंद्याचा काडीचा अनुभव नव्हता. पुढच्याच वर्षी, १३ जुलै १९५३ला, या गावात एका प्रचंड तंबूखाली ‘रिचर्ड द थर्ड’चा प्रयोग झाला आणि रिचर्डच्या भूमिकेत होता अ‍ॅलेक गिनेस. तिथून मोजलं तर २०२७चा उन्हाळा हा या महोत्सवाचा पंच्याहत्तरावा मोसम.

मी वॉटर्लूला राहते. तिथून स्ट्रॅटफर्ड गाडीनं पाऊण तासावर. उन्हाळ्यात एक तरी नाटक तिथे बघायचं, हा आमच्या घरातला नेम आहे. एव्हन नदीकाठी शिदोरी सोडायची, हंसांपासून पोळ्या वाचवायच्या आणि तुताऱ्या वाजल्या की नाट्यगृहाकडे चालू लागायचं. प्रयोगाआधी इथे तुतारीवादक बाहेर येऊन वर्दी देतात. त्या धून लुई अ‍ॅपलबॉमनं पहिल्या मोसमापासून बांधल्या. आपल्याकडच्या तिसऱ्या घंटेचं काम इथे तुतारी करते, एवढंच.

नदीचं नाव एव्हन, रस्त्याचं नाव रोमिओ, वॉर्डांची नावं हॅम्लेट आणि फॉल्स्टाफ. ही नावं नाटकांच्या कितीतरी आधीची आहेत. पण शंभर वर्षं ती नुसतीच नावं होती. वीस हजारांच्या आतल्या या वस्तीचं पोट भरायचं ते रेल्वेच्या कारखान्यावर आणि फर्निचरच्या धंद्यावर. वाफेची इंजिनं दुरुस्तीला इथे यायची. १९३३ साली इथल्या फर्निचर कामगारांनी संप केला, तेव्हा सरकारनं चिलखती गाड्यांसकट लष्कर पाठवलं होतं. म्हणजे हे मुळातच कामगारांचं गाव. पन्नाशीच्या सुरुवातीला डिझेलची इंजिनं येऊ लागली आणि वाफेच्या कारखान्याचे दिवस भरत आले, हे सगळ्यांना दिसत होतं. १९६४मध्ये तो बंद झालाच. पॅटरसनचा खटाटोप या भीतीच्या पोटातून आलेला होता. उद्या इंजिनं आली नाहीत, तर या गावाकडे कोण कशाला येईल?

हा प्रश्न मला परका वाटत नाही. माझे बाबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. दिवसा डबे आणि संध्याकाळी तालीम. कामगारांच्या नाट्यस्पर्धा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांच्या बोलण्यात परळचा दामोदर हॉल देवळासारखा यायचा. २०१४च्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले, तेव्हा मी त्यांना स्ट्रॅटफर्डला ‘किंग लिअर’ दाखवायला नेलं. इंग्रजी फारसं कळणार नव्हतं, पण ‘नटसम्राट’ त्यांना जवळजवळ पाठ. लिअर तर ओळखीचाच निघणार, असा माझा हिशेब.

वाटेत रेल्वेचा जुना कारखाना लागला. गावाच्या अगदी मध्यात पोलादी सांगाड्याची ती अजस्र शेड रिकामी उभी होती. बाबा गाडीतून उतरले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

“एवढी मोठी शेड. माणसं कुठं गेली गं?”

मी त्यांना डिझेलची, पॅटरसनची, सव्वाशे डॉलरची गोष्ट सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि विचारलं, “मग ती माणसं नाटकात लागली काय?”

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर विचार केला तेव्हा वाटलं, बॉयलर सांधणारा माणूस काही रातोरात मुकुट घडवायला बसत नाही. पण महोत्सवाचे स्वतःचे कारखाने आहेत: कपडेपट, जोडे, केसांचे टोप, सामानसुमान. सगळं इथेच, हातानं बनतं. गावात हॉटेलं आली, खोल्या भाड्यानं जाऊ लागल्या. हातांना काम मिळालं, पण दुसऱ्या हातांना, आणि पुष्कळसं हंगामी. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं हो आणि अर्धं नाही, असंच द्यावं लागेल.

नाट्यगृहात शिरल्यावर बाबांनी पहिली चौकशी केली ती पडद्याची. पडदा नव्हताच. दिग्दर्शक टायरोन गथ्रीनं १९५२ साली इथे येताना आपली हौस बरोबर आणली होती: चित्राच्या चौकटीसारखा रंगमंच नको, प्रेक्षकांत घुसणारा हवा. टान्या मोइसेविचनं तसा रंगमंच आखला. त्याच्या तिन्ही बाजूंना प्रेक्षक. १९५३च्या वसंतात पैसे संपले, सगळंच बारगळायची वेळ आली. तेव्हा बांधकामाच्या कंत्राटदारानं बिल वसूल होण्याची खात्री नसताना काम चालू ठेवलं. चार मोसम तंबूत झाले. १९५७ला पक्की इमारत झाली आणि ती क्रिस्टोफर प्लमरच्या ‘हॅम्लेट’नं उघडली, पण छप्पर मुद्दाम तंबूच्या चुण्यांसारखंच ठेवलं. आत कुठलीही खुर्ची रंगमंचापासून पासष्ट फुटांपेक्षा लांब नाही. पुढे इंग्लंडातलं चिचेस्टर आणि अमेरिकेतलं मिनिआपोलिस, दोन्हीकडची नाट्यगृहं याच वळणावर उभी राहिली.

बाबांचा अभिप्राय मात्र मध्यंतरात आला. “आमच्या दशावतारासारखंच की. माणसं तिन्ही बाजूंना. बाकडं तेवढं नाही.” त्यांचं गाव कुडाळजवळ. नाट्यशास्त्राच्या पुस्तकांनी मला जे समजलं नव्हतं ते त्या एका वाक्यानं समजलं. लिअर कॉर्डेलियाला हातांवर घेऊन आला तेव्हा बाबांच्या डोळ्यांना पाणी होतं. आमच्यापासून कॉल्म फिओर इतका जवळ होता की त्याचा श्वास ऐकू येत होता.

परतताना त्यांनी तिकिटाचा दर विचारला. मी सांगितला. त्यांनी मनातल्या मनात रुपये केले असावेत, कारण किचनरपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “फिटरला नाही परवडणार.”

पंच्याहत्तरीची चर्चा सुरू झाली की मला हे वाक्य आठवतं. वर्धापनाच्या मोसमाला एक सोपी वाट असते, ती म्हणजे पहिलाच खेळ पुन्हा लावायचा. १९५३मध्ये ‘रिचर्ड’च्या जोडीला ‘ऑल्स वेल दॅट एंड्स वेल’ होतं. २०२२च्या सत्तराव्या मोसमात तीच दोन नाटकं पुन्हा झाली. पॅटरसनच्या नावाचं नवं नाट्यगृह ‘रिचर्ड’नंच उघडलं. मी गेले होते, प्रयोगही देखणा होता. दुसरी वाट गाजलेल्या संगीतिकांची. त्यावर खुर्च्या भरतात आणि वर्षाचा हिशेब जुळतो. त्यात मला कमीपणा वाटत नाही, कारण हिशेब जुळला नाही तर काय होतं ते इथे पाहिलेलं आहे. २०२०मध्ये महामारीनं अख्खा मोसम रद्द झाला, तेव्हा एका नाट्यसंस्थेबरोबर अख्खं गाव बसलं. एकाच कारखान्यावर जगणारं गाव एकाच रंगभूमीवर जगू लागलं होतं. २०२१च्या उन्हाळ्यात उघड्यावर, मांडवाखाली प्रयोग झाले. जिथून निघाले तिथेच परत, ताडपत्रीखाली. मला तो मोसम फार आवडला. पात्रं थोडी, नाटकं लहान आणि जोडीला नदीवरचा वारा.

परळचा दामोदर हॉलही शंभरी उलटून गेला आणि २०२३मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाला. बाबांना मी फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “हॉलचं एवढं काही नाही. पोरं कुठं तालमी करतात ते बघ.” नाट्यगृहाचं वय मोजणं सोपं असतं. पहिला प्रयोग करणाऱ्यांनी पत्करलेला धोका आज कुणी पत्करतंय का, हे मोजायला कॅलेंडर उपयोगाचं नाही.

म्हणून पंच्याहत्तराव्या मोसमाकडून माझ्या दोनच अपेक्षा आहेत. एक, गावातल्या आणि आसपासच्या कामकरी माणसाला खिशाला झेपेल अशा दरात काही प्रयोग बघता यावेत, आणि तेही मागच्या रांगेतून नव्हे. पासष्ट फुटांच्या आत सगळ्यांना जागा आहेच. दोन, एखादं अगदी नवं नाटक मुख्य रंगमंचावर यावं, छोट्या नाट्यगृहात नव्हे. ते पडलं तरी चालेल. १९५२च्या पालिकेनं दिलेले शंभर डॉलर मागणीला धरून होते. वरचे पंचवीस मात्र त्यांनी न पाहिलेल्या गोष्टीवर लावले, आणि साजरी करायची तर त्या पंचविसांची पंच्याहत्तरी करावी.

मोसमाची यादी हातात पडली की मी आधी शेक्सपिअर शोधणार नाही. ज्याचं नाव कधी ऐकलेलं नाही अशा लेखकाचं नाटक त्यात आहे का, ते पाहीन. असलं, तर पहिली दोन तिकिटं त्याचीच.