तिला विचारलं होतं का?

आम्ही दोघी जावा. गेली नऊ वर्षं दोघी मिळून एकाच टोपणनावाने प्रेमकथा लिहितो. इचलकरंजीत आमच्या गल्लीत ते नाव आमचं आहे हे फारसं कुणाला माहीत नाही. ज्या चार-दोघींना माहीत आहे त्या बाजारात भेटल्या की दोन प्रश्न विचारतात. पहिला मोठ्याने : दोघी मिळून कसं काय लिहिता? दुसरा हळूच : आपल्या घरातल्या बायकांनी प्रेमकथा लिहाव्यात का? दोन्हींचं उत्तर द्यायचं तर आधी आमचा दिवस सांगावा लागेल, आणि मग गेल्या वर्षी घरात घडलेली एक गोष्टही.

घराच्या मागच्या बाजूला आमची शेड आहे. आठ साधे माग. दोघे भाऊ तीच शेड चालवतात. फजरची नमाज झाली की डबे, चहा, मुलांच्या वेण्या, सासूबाईंच्या गोळ्या. कांडीवाली आली नाही तर आमच्यापैकी एक कांड्या भरायला बसते. लिहायला वेळ मिळतो तो जोहरनंतर, अडीच ते चार. माग चालू असताना एकमेकींशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, म्हणून संवाद आम्ही वहीवरच करतो. थोरली एक वाक्य लिहिते, धाकटी त्याखाली उत्तर लिहिते. लाइट गेली की शेड गप्प होते. पुरुषांचा जीव खाली-वर होतो आणि आम्हाला मात्र प्रकरण मोठ्याने वाचून बघायची संधी मिळते.

पहिल्या श्रोत्या सासूबाई. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. "क्या लिखते बैठे गे दोनो?" म्हणत येतात आणि तसबीह हातात घेऊन ऐकतात. एकदा आमची नायिका तीन पानं रडत होती. सासूबाई म्हणाल्या, "सकाळपासून रडतेय, तिने काही खाल्लं का?" त्या दिवसापासून आमच्या गोष्टीत माणसं वेळेवर जेवतात.

वाचनाचं म्हणाल तर थोरली उर्दू शाळेत शिकलेली, धाकटी मराठी शाळेत शिकून पुढे इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. थोरली उर्दू पुस्तक वाचून दाखवते, धाकटी मराठी-इंग्रजी. लग्न होऊन या घरात आलो तेव्हा थोरलीच्या पेटीत डिप्टी नझीर अहमद यांचं 'मिरातुल उरूस' होतं, १८६९चं. अकबरी आणि असगरी या दोघी सख्ख्या बहिणी, दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. म्हणजे आमच्यासारख्या जावाच. एक फूहड, एक सुघड. आमच्यातली अकबरी कोण, यावरून घरात अजून चेष्टा चालते. धाकटीने आणल्या ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्या आणि जेन ऑस्टिन. फडक्यांच्या नायकांची ऐट बघून आम्ही खूप हसलो, पण पुढचं पान उलटायला भाग कसं पाडायचं हे त्यांच्याकडूनच शिकलो. ऑस्टिनबाईंकडून शिकलो ते वेगळंच. त्यांच्या पुस्तकांत युद्ध नाही, खून नाही. चार घरं, थोडे पैसे, लग्नाच्या मुली आणि पाहुणे. म्हणजे आपलीच गल्ली.

कथानक रचायची आमची रीत शेडवरून आली. नवीन भीम मागावर चढवायच्या आधी वहीफणी करावी लागते. एकेक तार आधी वहीतून, मग फणीतून ओढून घ्यायची. डोळे आणि बोटं दुखतात, कापड एक इंचही विणलं जात नाही. पण तिथे एक तार चुकली तर ती चूक सगळ्या तागाभर दिसते. आमचंही तसंच. पहिलं प्रकरण लिहिण्याआधी पंधरा दिवस फक्त प्रश्न लिहितो. तिला काय हवंय? त्याला कशाची भीती वाटते? घरात पैसा किती, कर्ज किती? मेहर किती ठरेल, आणि ती कोण ठरवेल? दोघांच्या मध्ये येणारी अडचण त्यांच्या स्वभावातून आलेली हवी. अपघात, आजार, बदललेली चिठ्ठी असलं काही नको. एका फोनने मिटेल असा गैरसमजही नको. पूर्वी पत्र हरवलं की बारा प्रकरणं निघायची, आता मोबाइलने ती सोय राहिली नाही.

एवढी वहीफणी करूनही एक तार आमच्याकडून कायम चुकत होती. ती दाखवली थोरलीच्या मुलीने.

गेल्या वर्षी ईदनंतर मिरजेहून तिच्यासाठी स्थळ आलं. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. मुलगा नोकरीला, घर चांगलं, मागणं काही नाही. पाहुण्यांसमोर ती चहा घेऊन आली, सलाम केला, बसली. कुणीतरी म्हणालं, "मुलगी तर लाजली." तिने मान खाली घातली. तिचे अब्बा हसून म्हणाले, "खामोशी म्हणजे रजामंदी." तोंडात साखर पडली. आम्ही दोघींनीही ती वाटली. हे लपवायचं नाही.

रात्री इशानंतर ती आमच्या खोलीत आली. हातात आमच्याच जुन्या गोष्टींची कात्रणं. म्हणाली, "अम्मी, चाची, तुमच्या गोष्टीतल्या मुलींना कधी कुणी विचारतं का?" आम्हाला कळेना. मग म्हणाली, "मी लाजले नव्हते. मला वाटलं, आता कुणीतरी विचारेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं. कुणी विचारलंच नाही."

ती गेल्यावर आम्ही कात्रणं घेऊन बसलो. तोवर आमच्या अकरा मालिका छापून झाल्या होत्या. त्यातल्या नऊ मालिकांत नायिका शेवटी नजर खाली घेते आणि पुढच्या ओळीत हळदीची तयारी सुरू होते. नायकाला काय हवंय यावर आम्ही पानंच्या पानं लिहिली होती. तिचा होकार मात्र पापण्यांवर सोडून दिला होता. ज्या घरात आम्ही हे लिहीत होतो, त्याच घरात ती मुलगी हे वाचत मोठी झाली होती. तिच्या अब्बांनी जे केलं, ते आमच्या नऊ गोष्टींतल्या बापांनी केलं होतं.

खामोशीची हदीस खरी आहे. पण ती पूर्ण वाचायला हवी. कुमारिकेची परवानगी घेतली जावी असं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलं, तेव्हा ती तर लाजते असं म्हटलं गेलं, आणि मग तिचं गप्प राहणं ही तिची परवानगी, असं उत्तर आलं. म्हणजे आधी विचारणं, मग गप्प राहणं. न विचारताच गप्प असलेल्या मुलीबद्दल ही हदीस नाही. हजरत खन्सा बिन्त खिदाम (र.) यांचं आधी एक लग्न झालेलं होतं, वडिलांनी त्यांच्या मनाविरुद्ध दुसरा निकाह लावला, तेव्हा प्रेषितांनी (स.) तो रद्द केला. एका कुमारिकेने अशीच तक्रार आणली, तेव्हा तिला निवड करू दिली, हेही अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे.

हे सगळं थोरलीने शेडमध्ये जाऊन मुलीच्या अब्बांना सांगितलं. ते तुटलेली तार सांधत होते. म्हणाले, "आता शब्द गेलाय. मिरजेला काय तोंड दाखवू?" तेव्हा सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आम्ही कधी ऐकलं नव्हतं ते त्यांनी सांगितलं. त्यांच्या निकाहाच्या दिवशी वकील आणि दोन साक्षीदार इजाजत घ्यायला आत आले. यांनी मान हलवली नाही. मागे बसलेल्या फुफीने पदराखालून हात घालून यांचं डोकं धरलं आणि हलवलं. बाहेर सगळे 'मुबारक' म्हणाले. "तुझे अब्बा चांगले निघाले," सासूबाई मुलाला म्हणाल्या, "पण ती मान माझी नव्हती."

त्यांनी माग बंद केला, हात धुतले आणि मुलीला जाऊन विचारलं. ती म्हणाली, मुलगा वाईट आहे असं नाही. पण शिक्षण पूर्ण करायचंय, आणि घरच्यांसमोर का होईना, त्याच्याशी एकदा बोलायचंय. तिचे अब्बा दुसऱ्या दिवशी स्वतः मिरजेला जाऊन आले. त्या लोकांना हे पटलं नाही. स्थळ मोडलं. नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, प्रेमकथा लिहिणाऱ्यांच्या घरात दुसरं काय होणार? ते फार लागलं. दोन महिने आम्ही वही उघडली नाही.

त्या दिवसांत धाकटीने पुन्हा ऑस्टिन काढली. १८१३च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये कॉलिन्स नावाचे पाद्री नायिकेला मागणी घालतात. ती स्पष्ट नाही म्हणते, तरी त्यांना वाटतं, चांगल्या घरच्या मुली लाजून आधी नाहीच म्हणतात. पूर्वी हे वाचून आम्ही हसायचो, या वेळी हसू आलं नाही. स्वतः ऑस्टिनबाईंनी १८०२च्या डिसेंबरात हॅरिस बिग-विदर यांच्या मागणीला संध्याकाळी होकार दिला आणि सकाळी तो परत घेतला. त्या आयुष्यभर अविवाहित राहिल्या. एका रात्रीत त्यांनी काय काय विचार केला असेल, हे आम्हाला आमच्या मुलीकडे बघून थोडं कळलं.

आणि थोरलीने आठवण काढली हजरत बरीरा (र.) यांची. गुलामीतून त्या मुक्त झाल्या, तेव्हा पती मुगीस यांच्याबरोबर राहायचं की नाही हे ठरवायचा हक्क त्यांना मिळाला. त्यांनी वेगळं व्हायचं ठरवलं. मुगीस मदिनेच्या रस्त्यांवर त्यांच्यामागे रडत फिरायचे, दाढी भिजायची. प्रेषितांनी (स.) बरीरांना परत जाण्याबद्दल सुचवलं. त्यांनी विचारलं, ही आज्ञा आहे का? नाही, केवळ शिफारस आहे, असं उत्तर मिळालं. तेव्हा त्यांनी नकार दिला, आणि तो नकार मान्य झाला. मुगीस यांच्या प्रेमाची कुणी थट्टा केली नाही आणि बरीरांवर कुणी सक्तीही केली नाही. आपल्या घरांत प्रेमकथा लिहावी का, या प्रश्नाचं उत्तर आम्हाला तिथे मिळालं. लिहावी, पण तिला काय वाटतं ते लिहावं.

तेव्हा अर्धी राहिलेली मालिका आम्ही उलगडली. सातव्या प्रकरणात नायक हट्टाने नायिकेला जिंकणार होता. आता तो तिला विचारतो, आणि ती "नाही" म्हणते. पुढची पाच प्रकरणं तो त्या उत्तरासोबत जगायला शिकतो. काही वाचक रागावले. एका भगिनीने पत्रात एवढंच लिहिलं, हे प्रकरण मी जेवताना मोठ्याने वाचलं, घरातलं कुणी उठलं नाही.

आता वहीच्या पहिल्या पानावर, पैसा आणि कर्जाच्याही आधी, एकच प्रश्न लिहितो : तिला विचारलं का?

मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे. नवीन स्थळं येतात, पण तिच्या हातात चहाचा ट्रे देण्याआधी तिचे अब्बा तिच्याशी बोलतात. त्यांनी आमची एकही गोष्ट वाचलेली नाही. या रमजानात सहरीला भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "यंदाच्या गोष्टीतली पोरगी काय म्हणते?"

आम्ही म्हणालो, "अजून विचारलं नाही."

"मग थांबा," ते म्हणाले, "घाई कसली?"